तीनशे रुपयांचा गुलाब, पस्तीस हजारांची बाटली

पॅरिसच्या फ्रेडरिक माल या कंपनीचं ‘पोर्ट्रेट ऑफ अ लेडी’ हे परफ्यूम २०१० साली बाजारात आलं. त्याच्या १०० मिलिलिटरच्या बाटलीला आज ४०० डॉलरच्या वर पैसे पडतात, म्हणजे पस्तीसेक हजार रुपये. विकणारे एक गोष्ट आवर्जून सांगतात, की या एका बाटलीत ४०० तुर्की गुलाबांचा अर्क आहे. आकडा भारदस्त आहे. पण त्याचा हिशेब मांडायला कागद-पेन्सिल पुरते. अत्तराच्या दमास्क गुलाबाचं फूल दोन-अडीच ग्रॅमचं असतं, तेव्हा ४०० फुलं म्हणजे फार तर एक किलो. एक किलो गुलाबतेल निघायला साडेतीन ते चार टन फुलं लागतात. त्या मानानं एक किलो फुलांतून मिळतं पाव ग्रॅमच्या आसपास तेल. तेलाचा भाव किलोला दहा लाख रुपये असा सढळ हातानं धरला तरी या बाटलीतल्या गुलाबाचे होतात अडीचशे ते तीनशे रुपये. वाफेऐवजी द्रावकानं काढलेला अर्क धरला तर उतारा काही पट वाढतो, पण त्याचा भावही बराच उतरतो, आणि बेरीज फारशी हलत नाही. मग उरलेले साडेचौतीस हजार कशाचे?

‘लुटीचे’ असं उत्तर चटकन तोंडावर येतं, आणि ते पुरतं खोटंही नाही. पण सुगंधाच्या व्यापाराचा इतिहास पाहिला तर ते घाईचं वाटू लागतं. किंमत द्रव्याची होती तो काळ सरून दीडशे वर्षं होत आली. त्यानंतर ती कधी बाटलीची झाली, कधी कपड्यांच्या दुकानाच्या नावाची, कधी जाहिरातीची. मधल्या एका लहानशा कालखंडात ती सुगंध रचणाऱ्याला मिळालेल्या मोकळीकीची होती. महाग परफ्यूमची किंमत पटवून देता येते ती या शेवटच्या कारणानं, दुसऱ्या कशानंही नाही. आणि ते कारण कुठं खरोखर लागू आहे अन् कुठं नुसतं सांगायला उरलं आहे, हे तारखा लावून तपासता येतं.

द्रव्याच्या किमतीचा काळ समजून घ्यायला आपल्याच जुन्या ग्रंथांसारखी जागा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या कोशात जमा करायच्या रत्नांची पारख सांगणारं एक प्रकरण आहे. त्यात मोती, माणकं, हिरे यांच्याच रांगेत चंदन आणि अगरू येतात. कुठल्या प्रांताचं, कुठल्या रंगाचं, कसल्या वासाचं चंदन, याची बारीक प्रतवारी तिथं आहे. म्हणजे सुगंध हे तिजोरीत ठेवायचं धन होतं, आणि त्याचं मोल ठरवणं हे पारख्याचं काम होतं. सहाव्या शतकातला वराहमिहिर बृहत्संहितेत गंधयुक्तीचा स्वतंत्र अध्याय लिहितो आणि सोळा द्रव्यांतून चार-चार निवडल्यास १८२० मिश्रणं होतात असं गणित मांडतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले प. कृ. गोडे यांनी विसाव्या शतकात उजेडात आणलेल्या गंगाधराच्या ‘गंधसार’ या ग्रंथात पाककृतींबरोबरच द्रव्यांच्या परीक्षेचाही भाग आहे. त्याच्याच जोडीनं सापडलेल्या ‘गंधवाद’ या संस्कृत ग्रंथावर तर मध्ययुगीन मराठीत टीका आहे. कस्तुरी खरी की बनावट, हा त्या जगातला मोठा प्रश्न होता. कारण साधं आहे: पैसे कस्तुरीचे मोजले जात होते, कस्तुरी दुसऱ्या द्रव्यांत मिसळणाऱ्याच्या बुद्धीचे नव्हेत. वराहमिहिराचं १८२० मिश्रणांचं गणित किती विलक्षण आहे हे आज कळतं, पण त्यातलं एखादं मिश्रण अमुक माणसानं रचलं म्हणून चार मोहरा जास्त द्याव्यात, असं त्या काळी कुणाच्या मनात आलं असेल असं वाटत नाही.

तोच हिशेब कनौजच्या देग-भपक्यात आणि मुंबईच्या मोहम्मद अली रोडवरच्या अत्तरवाल्यांच्या तोळ्यात अजून टिकून आहे. तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी, बांबूच्या नळीतून वाफ, भपक्यात आधीच भरलेलं चंदनाचं तेल; फुलांचा वास त्या तेलात उतरतो आणि अत्तर तयार होतं. गिऱ्हाईक तोळ्याच्या भावानं द्रव विकत घेतं, बाटली जवळजवळ फुकट. निश, म्हणजे मोठ्या ब्रँडांबाहेरच्या छोट्या घराण्यांच्या, परफ्यूमवर टीका करणारे याच तोळ्याकडे बोट दाखवतात: हा प्रामाणिक व्यापार, तो पॅरिसचा दिखावा. हा आक्षेप मला अर्धाच पटतो. चंदन महागलं तसं कनौजच्या बऱ्याच भपक्यांत चंदनतेलाच्या जागी लिक्विड पॅराफिन आलं. आणि ‘शामामा’ किंवा ‘गुलाब’ असं नाव लावलेल्या कित्येक स्वस्त कुप्यांत भट्टीचा माल नसतो, कारखान्यातलं मिश्रण असतं. तोळ्याच्या भावात प्रामाणिकपणा आपोआप येत नाही. शिवाय पारखायला आलेल्या गिऱ्हाइकाकडे कौटिल्याच्या पारख्याचं नाक नसतं. द्रव्यावर किंमत ठरवण्याची पद्धत तेव्हाच नीट चालते जेव्हा द्रव्य ओळखणारी माणसं बाजारात असतात, आणि ती माणसं फार पूर्वीच विरळ झाली.

पण द्रव्याचं राज्य खऱ्या अर्थानं संपवलं ते रसायनशास्त्रानं. विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं १८६८ साली कुमारिन प्रयोगशाळेत बनवलं. तोपर्यंत कापलेल्या गवताचा तो वास टोंका नावाच्या दक्षिण अमेरिकी बियांतून काढावा लागे. १८७४ साली टीमन आणि हारमान या जर्मनांनी व्हॅनिलिन बनवलं. १८९३ साली टीमननंच क्र्युगरच्या साथीनं आयोनोन बनवलं आणि ज्या व्हायोलेटच्या फुलांचा अर्क राजघराण्यांनाच परवडत असे त्यांचा वास कामगाराच्या बायकोच्या साबणात येऊन बसला. या द्रव्यांचा उपयोग आधी महागड्या घराण्यांनीच केला, हे लक्षात घेण्यासारखं आहे. हुबिगाँ कंपनीच्या पॉल पार्केनं १८८२ साली ‘फुजेर रॉयाल’ कुमारिनवर उभं केलं, गेर्लांनं १८८९ साली ‘जिकी’त व्हॅनिलिन वापरलं. ‘फुजेर’ हे नाव नेच्याच्या झाडाचं, आणि नेच्याला तर वास नसतोच! पार्केनं नसलेला वास कल्पनेनं रचला. सुगंधशास्त्रात कलावंत जन्माला आला तो इथं, स्वस्त रसायनाच्या खांद्यावर बसून. ‘नैसर्गिक म्हणजे उच्च, कृत्रिम म्हणजे हलकं’ हे आज दुकानात ऐकू येणारं वाक्य या इतिहासापुढं टिकत नाही. आधुनिक परफ्यूम नावाची कलाच कृत्रिम द्रव्यांमुळं शक्य झाली.

मात्र कलावंत जन्माला आला तरी पैसा त्याच्याकडे गेला नाही. तो आधी काचेकडे गेला. फ्रान्स्वा कोती हा कॉर्सिकातून आलेला महत्त्वाकांक्षी तरुण. त्यानं १९०४ साली ‘ला रोझ जाकमिनो’नं नाव काढलं आणि थोड्याच वर्षांत रने लालिक या काचकाम करणाऱ्या कलावंताकडून बाटल्या आणि लेबलं घडवून घेतली. त्याआधी बरीचशी परफ्यूम साध्या बाटल्यांत मिळत. कोतीला कळलं, की गिऱ्हाइकाचं नाक अशिक्षित असलं तरी डोळा अशिक्षित नसतो. तो इतका गबर झाला की १९२२ साली त्यानं ‘ल फिगारो’ हे वृत्तपत्रच विकत घेतलं. काचेकडून पैसा शिंप्याकडे वळला. पॉल प्वारे या फॅशनकारानं १९११ साली स्वतःचा परफ्यूमचा व्यवसाय काढला, १९२१ साली शॅनेलचं ‘नंबर ५’ आलं. ते अर्नेस्ट बो यांनी रचलं होतं, ज्यांचं नाव आजही शंभरातल्या नव्वद वापरणाऱ्यांना सांगता येणार नाही. १९२४ साली ‘पारफ्युम शॅनेल’ ही कंपनी स्थापन झाली तेव्हा भागीदारी अशी ठरली: भांडवल आणि कारखाना पुरवणाऱ्या व्हेर्थायमर बंधूंना ७० टक्के, मध्यस्थी करणाऱ्या बादेरला २० टक्के, शॅनेलबाईंना १० टक्के. रचनाकाराचा त्या वाटणीत उल्लेखच नाही. बो कंपनीचे तांत्रिक संचालक होते, म्हणजे पगारदार.

‘द्रव्य महाग म्हणून बाटली महाग’ हा दावा सगळ्यात जोरात केला, आणि त्यातल्या त्यात खराही ठरवला, तो फॅशनकार जाँ पातू यांच्या ‘जॉय’नं. १९२९ च्या शेवटी अमेरिकी शेअरबाजार कोसळला. पातूंच्या श्रीमंत अमेरिकी गिऱ्हाइकांचं पॅरिसला येणं थांबलं. अशा वेळी कुणीही स्वस्त माल काढला असता. पातूंनी आंरी आल्मेरा या रचनाकाराकडून असं परफ्यूम करवून घेतलं, ज्याची जाहिरातच ‘जगातलं सर्वांत महाग परफ्यूम’ अशी होती. ही घोषणा एल्सा मॅक्सवेल या मेजवान्या भरवण्यात निष्णात असलेल्या बाईंच्या डोक्यातून निघाली असं मानलं जातं. तीस मिलिलिटरभर अर्कात १०,६०० जाईची फुलं आणि २८ डझन गुलाब, असा हिशेब कंपनी देई. जाईची आठ-दहा हजार फुलं किलोला भरतात आणि एक किलो अर्काला सहाशे-सातशे किलो फुलं लागतात, म्हणजे या आकड्यांवरून इवल्याशा बाटलीत दीड-दोन ग्रॅम जाईचा शुद्ध अर्क निघतो. ‘पोर्ट्रेट’चे ४०० गुलाब १०० मिलिलिटरमध्ये पसरलेले आहेत, ‘जॉय’चे ३३६ गुलाब त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यात कोंबलेले होते, वर जाई वेगळीच. फुलांच्या दाटीचा प्रश्न असेल तर नव्वद वर्षांपूर्वीचा हा माल आजच्या बहुतेक निश बाटल्यांना मागं टाकतो.

तरीही ‘जॉय’ द्रव्याच्या बाजूचा पुरावा म्हणून मी फार ताणणार नाही. फ्रान्समधल्या ग्रास गावाच्या मळ्यांत ती जाई खुडायला इटलीतून गरीब बायका हंगामापुरत्या येत, आणि फुलांचा भाव त्यांच्या स्वस्त हातांवर उभा होता. हात महागले तसे मळे ग्रासमधून इजिप्तला आणि तमिळनाडूला सरकले. २०२४ साली बीबीसीच्या शोधपत्रकारांनी इजिप्तमध्ये रात्री जाई खुडणारी लहान मुलं दाखवली, आणि ती फुलं नामांकित ब्रँडांच्या पुरवठासाखळीत जात असल्याचं सांगितलं. महाग फूल म्हणजे खुडणाऱ्याला जास्त पैसे, हे समीकरण तेव्हाही नव्हतं, आजही नाही. ‘जॉय’चा शेवटही बोलका आहे. एलव्हीएमएच या समूहानं २०१८ साली पातू विकत घेतलं आणि त्याच वर्षी आपल्याच डिओर या ब्रँडखाली ‘जॉय’ नावाचं निराळंच परफ्यूम आणलं. जाई आणि गुलाबाचं जुनं ‘जॉय’ बंद झालं. दहा हजार फुलांपेक्षा तीन अक्षरांचं नाव जास्त मोलाचं निघालं.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा धंदा ज्या रीतीनं चालू लागला ती समजल्याशिवाय निश परफ्यूमचा जन्म समजत नाही. फॅशन किंवा सौंदर्यप्रसाधनांची कंपनी स्वतः सुगंध बनवत नाही. ती ‘ब्रीफ’ काढते: अमुक वयाची स्त्री, अमुक मूड, तमुक बाजार, आणि किलोमागं अमुक इतक्या रकमेच्या आत. जिवोदाँ, फिर्मेनिश, आयएफएफ अशा मोजक्या कंपन्या त्यावर स्पर्धा करतात. त्यांच्या पगारावरचे रचनाकार नमुने बनवतात, नमुने ग्राहकांच्या गटांवर तपासले जातात, ज्याला सर्वांत कमी नाकं मुरडली जातात तो पुढं सरकतो. जिंकणाऱ्या कंपनीला रचनेचे वेगळे पैसे मिळत नाहीत. ती सुगंधी अर्क किलोवर विकते, आणि रचनाकाराचे महिने, हरलेले नमुने, प्रयोगशाळेचा खर्च हे सगळं त्या किलोच्या भावातूनच भरून काढावं लागतं. आपल्याकडेही असंच आहे. मुंबईत १९२२ साली सुरू झालेली एस. एच. केळकर आणि कंपनी याच प्रकारचा व्यवसाय करते. साबणाचा, उदबत्तीचा, पावडरचा वास कुणी रचला हे वापरणाऱ्याला कधी कळत नाही. साबणाच्या बाबतीत ते ठीक आहे. पण लाखो रुपये जाहिरातीवर ओतलेल्या परफ्यूमच्या बाबतीतही किलोचा भाव वर्षागणिक आवळला जाऊ लागला, आणि जे आवळलं जात होतं ते फुलांपेक्षा जास्त करून माणसाचा वेळ आणि धाडस होतं. नव्वदच्या दशकातल्या दुकानांत एकामागून एक सारखेच वास मिळत होते ते याच कारणानं.

या पार्श्वभूमीवर ज्याँ लापोर्त या रसायनशास्त्रज्ञानं १९७६ साली काढलेलं ‘लार्तिझाँ पारफ्युमर’ हे छोटं दुकान वेगळं ठरतं. ब्लॅकबेरी आणि कस्तुरीचं त्याचं १९७८ सालचं मिश्रण कुठल्याही ग्राहकगटानं सुचवलं नव्हतं. १९९२ साली शिसेइदो या जपानी कंपनीनं सेर्ज ल्युतांस यांना पॅरिसच्या पॅले रोयालमध्ये एक दालन दिलं. ‘फेमिनिते द्यु ब्वा’ हे देवदाराच्या लाकडाचं परफ्यूम बायकांसाठी, अशी उफराटी कल्पना त्याच साली बाजारात आली. आणि २००० साली फ्रेडरिक माल यांनी, ज्यांच्या आजोबांनी डिओरच्या परफ्यूमचा व्यवसाय उभा केला होता, रचनाकारांना तीन गोष्टी देऊ केल्या: किलोच्या भावाची मर्यादा नाही, ग्राहकचाचणी नाही, आणि बाटलीवर रचनाकाराचं नाव. दोमिनिक रोपिओं, ज्याँ-क्लोद एलेना, मोरिस रुसेल, ऑलिव्हिया जाकोबेत्ती ही नावं धंद्याबाहेरच्या माणसाला पहिल्यांदा वाचायला मिळाली. एडमाँ रुदनित्स्का यांनी पत्नीसाठी पूर्वीच करून ठेवलेलं आणि कुठल्याच कंपनीनं न विकलेलं परफ्यूम त्यांच्या मृत्यूनंतर इथून निघालं. रोपिओंच्या ‘पोर्ट्रेट’चा उगम तर त्यांच्याच ‘जेरानियम पूर मस्यो’ या आदल्या वर्षीच्या पुरुषी परफ्यूममधल्या एका भागात होता. तो उचलून त्यावर गुलाब, पाचोळी, धूप, लवंग असं सगळं चढवत नेलं. ब्रीफच्या जगात संपलेल्या कामाचा तुकडा परत उघडायला कुणी वेळ देत नाही. साडेचौतीस हजारांतले काही रुपये या वेळेचे आहेत, आणि तेवढे मला पटतात.

पैठणीशी तुलना केली तर दोन्ही बाजू दिसतात. पैठणीची किंमत रेशमाच्या आणि जरीच्या वजनावर नसते, विणकराच्या महिन्यांवर असते, हे कुणालाही मान्य होईल. पण ते महिने प्रत्येक पैठणीला नव्यानं घालावे लागतात. परफ्यूमचं तसं नाही. रचनेला दोन वर्षं लागोत, एकदा सूत्र हाती आलं की पुढची लाखावी बाटली यंत्र भरतं. म्हणून ‘कलावंताच्या श्रमांचे पैसे’ हे समर्थन पहिल्या काही हजार बाटल्यांना जितकं लागू होतं तितकं पन्नास हजाराव्या बाटलीला होत नाही. उलट गाजलेल्या बाटल्यांची किंमत वर्षागणिक चढत जाते. केव्हाच फिटलेल्या श्रमांचं व्याज आपण का भरतो, हा प्रश्न मालच्या सगळ्यात निष्ठावान गिऱ्हाइकांनीही विचारायला हवा.

द्रव्याचं समर्थन निश घराण्यांनी स्वतःच कसं मोडीत काढलं याचा पुरावा २००६ सालचा. गेझा शोएन या जर्मन रचनाकारानं ‘मॉलिक्यूल ०१’ काढलं. त्यात अल्कोहोल सोडलं तर एकच पदार्थ आहे: ‘आयसो ई सुपर’ नावाचं, आयएफएफच्या प्रयोगशाळेत १९७३ साली बनलेलं, शेकडो परफ्यूममध्ये आणि कपड्यांच्या साबणातही पडणारं रसायन. किलोला त्याला काही हजार रुपये पडतात. बाटली शंभर डॉलरच्या बरीच वर. यावर उसळून ‘फसवणूक’ म्हणता येतं, पण शोएननं काहीच लपवलं नव्हतं. बाटलीच्या नावातच एक रेणू आहे. पाठीमागून आधार देणारं द्रव्य एकटं पुढं आणून ठेवावं, ही कल्पना त्याची होती आणि ती नवी होती. मला या परफ्यूमबद्दल आदर आहे, किंमत मात्र पटत नाही, कारण इथं मोकळीक फार थोडी लागली. कल्पना एका दुपारची, तिला महिन्यांची घासाघीस नको होती. तिचं कौतुक करावं. ते रसायन सुट्यात मिळतं, हेही सांगावं.

इथं सगळ्यात कठीण आक्षेप समोर येतो. गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचं यंत्र बाटलीतला थेंब फोडून त्यातली बहुतेक द्रव्यं प्रमाणासह सांगतं. मग हुबेहूब नक्कल दहाव्या हिश्श्याच्या किमतीत मिळत असताना मूळ घ्यायचं कशाला? कायदाही इथं डळमळीत आहे. १३ जून २००६ रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की परफ्यूम ही कौशल्याची अंमलबजावणी आहे, स्वामित्वहक्काचं संरक्षण मिळावं अशी कलाकृती नाही. तीनच दिवसांनी, १६ जूनला, नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयानं लान्कोमच्या ‘ट्रेझोर’च्या खटल्यात नेमकं उलट म्हटलं. ज्या देशात ही कला वाढली तिथंच तिला कलेचा दर्जा नाही! याचा परिणाम असा, की सूत्राला कुंपण घालता येत नाही, म्हणून सगळा पैसा ज्याला कुंपण घालता येतं त्यात जातो: नाव, बाटली, डबी, दुकान. २००५ सालचं ‘इम्पीरियल मॅजेस्टी’ हे त्याचं टोक; क्लाइव्ह ख्रिश्चन कंपनीनं बाकाराच्या स्फटिकी बाटलीला पाच कॅरटचा हिरा लावून ते दोन लाख डॉलरच्या वर विकलं. त्यात सुगंध किती आणि जवाहिऱ्याचं काम किती, हे विचारायचीही गरज नाही. नकलेच्या आक्षेपाला माझं उत्तर असं आहे: नक्कल जर नाकाला खरोखर तशीच वाटत असेल तर तुमच्या अंगावरच्या वासाचा प्रश्न तिथं मिटला, तीच घ्या. पण नक्कल करणाऱ्याला नक्कल करायला काहीतरी लागतं. मूळ रचनेला पैसे देणारा एकही उरला नाही तर दोन्ही बाजू ब्रीफवाल्यांच्याच हाती जातील. हे समर्थन मात्र अशाच ठिकाणी चालतं जिथं आपले पैसे नव्या रचनेच्या मोकळिकीकडे जातात.

आणि तिथंच गेल्या दहा-बारा वर्षांचा इतिहास आडवा येतो. २०१४ साली एस्टे लॉडरनं माल आणि ‘ल लाबो’ दोन्ही विकत घेतली. २०१५ मध्ये लार्तिझाँ स्पेनच्या पुच समूहाकडे गेलं. २०१७ मध्ये फ्रान्सिस कुर्कजियांचं घराणं एलव्हीएमएचकडे. २०२२ मध्ये बायरेडोही पुचकडे. बायरेडो म्हणजे स्वीडनच्या बेन गोरहॅम यांचं घराणं. त्यांची आई मुंबईची, आणि त्यांच्या सुरुवातीच्या परफ्यूमपैकी एकाचं नाव चक्क ‘चेंबूर’ होतं. चेंबूरकरांना त्या नावानं रिफायनरी आणि खत कारखाना आठवेल, गोरहॅम यांना देवळातला धूप आठवला. २०२३ साली केरिंग समूहानं क्रीड हे घराणं विकत घेतलं, तब्बल साडेतीन अब्ज युरोंना. या रकमेत सूत्रांची किंमत नाही, कारण सूत्रं कुणीही यंत्रात घालून वाचू शकतो. जे विकत घेतलं ते नाव, आणि त्या नावामुळं लोक जास्त पैसे देतात हा अनुभव. मालकी बदलली म्हणून रचनाकार एका रात्रीत गुलाम होतो असं नाही. रोपिओंसारखे लोक त्यानंतरही चांगलं काम करत आले आहेत. पण साडेतीन अब्ज वसूल करायचे असतील तर ग्राहकचाचणी पुन्हा येते, जुन्या यशाच्या ‘इंटेन्स’ आवृत्त्या निघतात, आणि ज्या सक्तीपासून सुटण्यासाठी हा वेगळा बाजार उभा राहिला तीच सक्ती जास्त किमतीच्या लेबलाखाली परतते.

भर म्हणून नियमांचाही प्रश्न आहे. १९७३ साली स्थापन झालेली आयएफआरए ही उद्योगाचीच संस्था ॲलर्जीच्या कारणानं द्रव्यांवर मर्यादा घालते, आणि युरोपीय संघानं अलीकडं लिलियालसारख्या द्रव्यांवर बंदीच घातली. परिणामी दहा वर्षांपूर्वी ज्या बाटलीची स्तुती वाचली तिचं सूत्र आज तेच असेल याची खात्री नसते, आणि कंपन्या बदल क्वचितच जाहीर करतात. जुनी सूत्रं जपून ठेवणारं व्हर्सायचं ‘ऑस्मोतेक’ १९९० साली उघडलं ते ज्याँ केर्लेओ यांच्या पुढाकारानं, जे स्वतः पातूचे रचनाकार होते. विकत घेणाऱ्याला मात्र तिथल्या शीतकपाटाचा उपयोग नाही; त्याच्या हातात आजची बाटली असते.

तर ‘पोर्ट्रेट ऑफ अ लेडी’ची किंमत पटते का? २०१० साली, स्वतंत्र कंपनीकडून, एका रचनाकाराला मोकळं सोडून केलेलं काम म्हणून घेतली असती तर मी हो म्हटलं असतं, गुलाबाच्या हिशेबाकडे न पाहता. रचना आजही थोर आहे: पाचोळीच्या मातकट अंगावर गुलाब इतका जड बसवूनही तो गोडमिट्ट होत नाही, हे फार थोड्यांना जमलं आहे. पण आज मागितली जाणारी रक्कम त्या मोकळिकीची नाही, तिच्या कीर्तीची आहे, आणि ती मोठ्या बाटलीला मुळीच पटत नाही. आपण पैसे रचनेचे देतो असं एकदा मान्य केलं की ती रचना १० मिलिलिटरमध्ये पुरी असते. दर मिलिलिटरमागं ती महाग पडते खरी, पण उरलेले ९० मिलिलिटर अल्कोहोल आणि तीनशे रुपयांच्या गुलाबाचा बाकीचा हिस्सा घ्यायला आणखी पंचवीस-तीस हजार मोजण्याचं कारण उरत नाही. वाचलेल्या रकमेत मालक स्वतःच रचनाकार असलेल्या, अजून विकल्या न गेलेल्या एखाद्या लहान घराण्याच्या दोन बाटल्या येतात. त्या घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: रचनाकाराचं नाव काय, परफ्यूम कुठल्या सालचं, आणि कंपनीची मालकी सध्या कुणाकडे. फुलांची संख्या दुकानदार न विचारताच सांगतो.